गाय गाभडली तेव्हा घमेलं कोणी उचललं

दिवाळी होऊन गेली होती, गावी जरा निवांत होतं, आणि सरकारी दवाखान्यातून पाड्यांना, म्हणजे गायीच्या मादी वासरांना, लस द्यायला माणसं आली. आमच्याकडे संगमनेरच्या बाजूला आता बहुतेक घरांत दोन-चार तरी एचएफ, म्हणजे होल्स्टीन जातीच्या, गाया असतातच, त्यामुळे लसवाले येणं ही काही बघायला जायची गोष्ट राहिलेली नाही, पण मी पुण्याहून गेलेली, रिकामटेकडी, चहाचा कप घेऊन गोठ्याकडे गेले. डॉक्टर मॅडम तरुण होत्या आणि चांगल्या दिवस भरत आलेल्या. त्या गोठ्यात शिरल्याच नाहीत. बाहेर शेवग्याखाली खुर्ची टाकून बसल्या आणि कानातल्या पिवळ्या बिल्ल्यांचे बारा आकडी नंबर आतून कोणीतरी ओरडून सांगेल तसे मोबाईलमध्ये टाकत राहिल्या. आत त्यांच्यासोबतचे दुसरे डॉक्टर होते, त्यांचा अवतार बघून पोरं फिदीफिदी हसत होती, डोळ्याला गॉगल, तोंडाला मास्क, हातात ग्लोव्हज, सगळा करोनातला पोशाख. आजी ओट्यावरून हे सगळं बघत होती, तिला कोणी काही विचारलं नव्हतं तरी म्हणाली, "बरं केलंस बाई. पोटुशीनं गाभडल्या गोठ्यात पाय घालू नये." मॅडम मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाल्या, "आजी, आम्हाला कॉलेजात हेच शिकवतात."

आणि आत काकू. पदर खोचलेला, हात उघडे, पाडीची मान काखेत दाबून धरलेली. पाडी सुई टोचेपर्यंत नुसती नाचत होती आणि गॉगलवाले डॉक्टर दर वेळी ओरडत होते, "मावशी हात काढा, हात काढा, ही सुई तुम्हाला लागली तर गोळ्या घेऊन तुमच्या मागं मला फिरावं लागंल." सगळे हसले. काकूही हसली.

माझ्या डोक्यातून ते काही जाईना.

दुसऱ्या चहाला मॅडमच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारलं. लस ब्रुसेलाची होती. हा जंतू गायीच्या गर्भाशयात जाऊन बसतो आणि पाचव्या महिन्यानंतर, बहुतेक सातव्या-आठव्यात, गाय गाभडते, म्हणजे दिवस भरायच्या आत वासरू टाकते. लस जिवंत जंतूची असते, अशक्त केलेला पण जिवंत, म्हणून तिचे नियम फार. फक्त पाड्यांना द्यायची, तेही चार ते आठ महिन्यांच्या, आणि आयुष्यात एकदाच. गाभण गायीला दिली तर ती लसीनंच गाभडू शकते, गोऱ्ह्याला दिली तर त्याच्या वृषणांना सूज येऊ शकते, आणि मोठ्या गायीला दिली तर नंतर रक्त तपासताना आजार कुठला आणि लस कुठली तेच कळत नाही. माणसाला सुई लागली तर तीन आठवडे गोळ्या. मॅडम हे सगळं बिस्कीट बुडवत सांगत होत्या, इतक्या सहज की मला वाटलं हे सगळ्या गावाला माहीत असणार आणि मलाच नाही. नंतर दादाला विचारलं तर तो म्हणाला, "लस आहे कसलीतरी, बिल्ला असला की देतात."

रात्री मोबाईलवर वाचत बसले. या लसीचा जंतू, एस-१९, १९२३ मध्ये जॉन बक नावाच्या अमेरिकन माणसाला सापडला, जर्सी गायीच्या दुधातून काढलेला. तो म्हणे त्याच्या टेबलावर वर्षभराच्या वर तसाच राहून गेला आणि मग बघतात तर त्याची धार गेलेली. आमच्याकडे लोणच्याची बरणी अशी विसरली गेली तर तिच्यातून आजवर काही चांगलं निघालेलं नाही. शंभर वर्षं झाली आणि आमच्या गोठ्यात त्या दिवशी जी टोचली ती तीच. २०१९ मध्ये मथुरेला सरकारनं लाळ-खुरकूत आणि ब्रुसेला या दोघांचा मिळून देशभराचा कार्यक्रम सुरू केला, १३,३४३ कोटींचा, आणि त्यात देशातल्या झाडून सगळ्या पाड्या आल्या, म्हणजे आमची पांढऱ्या कपाळाची ती नाचरी पाडीसुद्धा आली. एवढ्या लांबून एवढं मोठं काहीतरी चालत आपल्या शेवग्याखाली येतं याचं मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण काकूचे हात.

मी लहान असताना एक गाय रात्रीची गाभडली होती. पुरुषमाणसं बॅटऱ्या घेऊन उभी होती, कोणीतरी डॉक्टरला फोन करायला चौकातल्या दुकानात गेलं होतं, आणि काकू कोपरापर्यंत हाताला गोडंतेल लावून आत हात घालून वार, म्हणजे वासराभोवतीची ती पिशवी, ओढत होती, कारण वार अडकली होती आणि ती आत राहिली की सडते हे सगळ्यांना माहीत होतं. तो वास अजून नाकात आहे, गोडसर, कुबट, ओल्या पोत्याचा. मग ते वासरू तिनं घमेल्यात उचललं. अंगावर केस जेमतेम, खुरं मऊ, पिवळट पांढरी. वरून एक फाटकी गोणी टाकली आणि ओढ्याच्या कडेला नेऊन टाकून आली, सकाळी तिकडे कुत्री होती. परत आल्यावर राखेनं हात घासले, आणि उजाडलं तसं भाकऱ्या थापायला बसली. भाकरी आम्ही सगळ्यांनी खाल्ली. आजीचा नियम तेव्हाही होताच, वहिनीआत्या की कोण पोटुशी होती तिला त्या रात्री माडीवरून खाली येऊ दिलं नाही. नियम पोटातल्या बाळासाठी होता. घमेलं उचलणाऱ्या बाईसाठी कधी कोणी नियम केला नाही.

आता वाचलं की गायीच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची एक साखर असते आणि या जंतूला ती फार आवडते, म्हणून तो अंगभर न हिंडता नेमका तिथेच जाऊन वाढतो, हे १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या लोकांनी शोधून काढलं. म्हणजे गाय गाभडते तेव्हा जे पडतं, ते पाणी, ती वार, ते वासरू, त्यात या जंतूची सगळ्यात मोठी रास असते. ते हात न लावता उचलायचं, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं, जागा धुवायची. कुत्र्यांना तर लागूच द्यायचं नाही. हे कळल्यावर त्या रात्रीतली एकेक गोष्ट डोळ्यासमोर उलटी फिरवून बघत बसले, तेल, घमेलं, गोणी, ओढा, राख, भाकरी.

आणि ती गाय पुढच्या वेताला व्यवस्थित व्याली. पाडी झाली. दूध भरपूर. या रोगाची खरी लबाडी ही आहे की बहुतेक गाया एकदाच गाभडतात, पुढची वेतं सरळ जातात, गाय दिसायला ठणठणीत, आणि दुधातून, व्यायच्या वेळच्या पाण्यातून जंतू बाहेर टाकत राहते. आपण म्हणतो, नजर लागली होती, गेली.

आजोबा धार काढता काढता आमच्या तोंडात थेट धार मारायचे. धारोष्ण दूध, कोमट, फेसाळ, त्याला जरासा गोठ्याचाच वास, आणि ओठावर पांढऱ्या मिशा. आमच्यासारखी पोरं त्याच्यावर वाढली असं मोठी माणसं अजून अभिमानानं सांगतात, आणि सत्यनारायणाच्या पंचामृतात तर दूध कच्चंच हवं. मी हे लिहिताना पण त्या चवीची आठवण येतेय आणि राग काही येत नाही. पण आमच्या मुलांना मी आता देणार नाही, उकळूनच देणार, आणि दूध उकळलं की हा जंतू मरतो एवढी साधी गोष्ट आहे ती.

हे सगळं नवीन नाहीये हो, तेच तर. माल्टा बेटावर इंग्रजांचे सोल्जर तापानं झिजत होते, डेव्हिड ब्रूसनं १८८७ मध्ये त्यांच्यातला जंतू शोधला, आणि तो येतो कुठून हे १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झामिट या तिथल्याच डॉक्टरनं शोधलं. बकऱ्यांच्या दुधातून. दारोदार हिंडवून गिऱ्हाईकासमोर दूध काढून द्यायचे त्या बकऱ्या, आजारी तर अजिबात दिसायच्या नाहीत. तिकडे डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बँगनं १८९७ मध्ये गाभडणाऱ्या गायींमधला जंतू वेगळा काढला. दोन्हीकडे दोन रोग म्हणून वेगवेगळं चाललेलं. हे दोन जंतू एकमेकांचे सख्खे आहेत हे ओळखलं ॲलिस इव्हान्सनं, अमेरिकेत सरकारच्या डेअरी खात्यात काम करायची, डॉक्टरेट नव्हती, १९१८ मध्ये तिनं ते छापलं आणि म्हणाली की कच्चं दूध माणसाला धोक्याचं आहे. कोणी ऐकेना. डेअरीवाले तर नाहीच, मोठमोठे शास्त्रज्ञपण नाहीत, बाई आहे आणि डॉक्टरेट नाही, असं खरंच असतं तर आधी कोणाला तरी दिसलं नसतं का. मग १९२२ मध्ये प्रयोगशाळेत काम करताना तिलाच हा आजार झाला. वीसेक वर्षं ताप येत जात राहिला, आणि मधल्या काळात डॉक्टरांनी तिला सांगितलं की तुला काही झालेलं नाही, हे नसांच्या अशक्तपणाचं आहे, मनाचं आहे. पुढे १९२८ मध्ये ती तिकडच्या बॅक्टेरियॉलॉजिस्ट लोकांच्या संघटनेची पहिली बाई अध्यक्ष झाली वगैरे सगळं झालं, पण मी "मनाचं आहे" इथेच थांबून राहिले बराच वेळ. का ते पुढे येईलच.

मला राहून राहून वाटतं की आपल्याला डोळ्याला दिसणारा रोगच रोग वाटतो. बुळकांडी बघा, गुरांची ती जीवघेणी साथ. आजीच्या लहानपणी बुळकांडी यायची तर गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. आज बरेलीजवळ इज्जतनगरला जी मोठी पशुवैद्यकीय संशोधन संस्था आहे ती १८८९ मध्ये आपल्या पुण्यातच सुरू झाली होती, इंपीरियल बॅक्टेरियॉलॉजिकल लॅबोरेटरी म्हणून, आणि मग असले जंतू वस्तीपासून लांब बरे म्हणून १८९३ मध्ये कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला नेली. शंभरेक वर्षं लोक बुळकांडीच्या मागे लागले आणि २०११ मध्ये ती जगातूनच गेली. तसंच २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा अंगभर गाठी, पायाला सूज, लोकांनी लिंबाचा पाला काय लावला, हळद काय लावली, सरकारनं जनावरांचे बाजार बंद केले, शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचत गावोगाव माणसं फिरली. सगळे धावले. ब्रुसेला गायीला सहसा मारत नाही, गाठ येत नाही, लाळ गळत नाही, फक्त एक वासरू जातं आणि एक वेत जातं. त्याच्यासाठी कोण बाजार बंद करणार.

तर आमची चांदणी. ती त्याच उन्हाळ्यात सातव्या महिन्यात गाभडली होती. मॅडमनी विचारलं म्हणून हे बोलण्यात आलं, नाहीतर कोणी सांगितलंही नसतं, आणि त्यांनी तिचं रक्त घेऊन ठेवलं. दोन दिवसांनी दादा काहीतरी कामाला तालुक्याला निघाला होता, मी मागे बसून गेले, आणि दवाखान्यात मला ती टेस्ट बघायला मिळाली. एवढी साधी असेल असं वाटलं नव्हतं. पांढरी फरशीसारखी प्लेट, तिच्यावर चांदणीच्या सीरमचा एक थेंब, शेजारी गुलाबी औषधाचा एक थेंब, दोन्ही काडीनं कालवायचे आणि प्लेट हळूहळू हलवत चार मिनिटं बघायचं. निरोगी असेल तर ते नुसतं गुलाबी पाणी राहतं. शेजारच्या कुठल्यातरी गायीचं तसंच राहिलं, गुळगुळीत. चांदणीचं दाणेदार झालं. गुलाबी कण एकमेकांना धरून बसले, आणि खरं सांगते, दिसायला फार सुंदर दिसत होतं ते. दादा म्हणाला, "म्हंजे?" टेक्निशियन म्हणाला, "पॉझिटिव्ह. अजून एक पक्की टेस्ट लागंल, ती वर पाठवू." वरची पण पॉझिटिव्हच आली.

म्हणजे काय करायचं? या प्रश्नाला पुस्तकात उत्तर आहे. ऑस्ट्रेलियानं वर्षानुवर्षं तपासण्या करून, निघेल ते जनावर कत्तलीला पाठवून, १९८९ मध्ये देश मोकळा केला. आपल्याकडे गायीची कत्तल १९७६ च्या कायद्यानं बंद आहे, आणि कायदा नसता तरी आजीनं होऊ दिलं असतं असं मला वाटत नाही, आणि मला स्वतःला चांदणी मारायची म्हटलं तर पोटात गोळा येतो. तिच्यावर औषधही करत नाहीत, गायीला माणसासारखं बरं करायचा भरवसा नाही. मग राहतं काय, तर वेगळी बांधा, शेवटी धार काढा, व्याली की जागा धुवा, जन्मभर. रात्री जेवायला सगळे बसले होते, काका, दादा, वहिनी, आजी, मी, काकू वाढत होती, आणि विषय एकच. काका म्हणाले डेअरीत दूध तापवतातच, आपण पण तापवून पितो, काय बिघडतंय. हे चूक नाही. वहिनी म्हणाली, घरात लहान पोरं आहेत, ती गोठ्यातच खेळतात. दादा म्हणाला अठरा लिटर दूध आहे तिला, हप्ते कोण भरणार. हेपण चूक नाही.

शेवटी विकायचं ठरलं. व्यापारी आला, त्यानं कासेला हात लावला, दात बघितले, आणि विचारलं, दूध किती, वेत कितवं, भरवल्यावर उलटत तर नाही ना. गाभडली होती का असं त्यानं विचारलंच नाही. दादानं आपणहून सांगितलं, रिपोर्टसकट सांगितलं, याचं मला अजून कौतुक आहे. व्यापारी म्हणाला, "पाच हजार कमी करा मग," आणि वर म्हणाला, "सगळ्यांच्याच गाभडत्यात हो, एवढं काय." टेम्पोत चढताना चांदणी अडली नाही. दादानं खरं सांगितलं होतं, पण तो व्यापारी पुढे सांगणार नाही हे दादाला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि कुठेतरी दुसऱ्या गोठ्यात एखादी काकू तिची वार काढेल हेही मला माहीत होतं. मी त्याला विकू नको म्हटलं असतं तर हप्ते मी भरणार होते का? नाही. म्हणून गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याला काय नाव द्यायचं ते मला अजून कळलेलं नाही.

काकूला संध्याकाळी ताप यायचा. किती वर्षं, तिलाच सांगता येत नाही. बारीक ताप, रात्री घामानं झंपर ओला, कंबर धरलेली, सकाळी उठून परत धारा. तालुक्याच्या एका दवाखान्यात तिला टायफॉईड म्हणून इंजेक्शनं झाली होती, मग सलाईन, मग कोणीतरी म्हणालं वय झालं, पाळी गेली की असं होतं, आणि मग कोणीतरी म्हणालंच, मनावर घेते ती फार. चांदणी पॉझिटिव्ह आल्यावर आम्ही सगळ्यांनी जनावरांचा विचार केला. राहिलेल्या गाया तपासल्या, दूध तपासलं, त्या दुधाच्या टेस्टमध्ये सायीला निळी कड येते ती आली नाही म्हणून पेढे वाटायचे तेवढे राहिले. काकूचं रक्त तपासायचं वहिनीच्या डोक्यात आलं, माझ्या नाही आणि दादाच्या तर नाहीच. ती पुरुषांना न सांगता तिला नगरला घेऊन गेली, डॉक्टरला आपणहून सांगितलं की आमच्याकडे गाय अशी अशी निघाली आहे, तेव्हा कुठे त्यानं ती टेस्ट लिहून दिली. पॉझिटिव्ह.

सहा आठवडे दोन औषधं, डॉक्सीसायक्लिन आणि रिफाम्पिसिन. रिफाम्पिसिननं लघवी केशरी होते हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, पहिल्या दिवशी ती एवढी घाबरली की कोणाशी बोलेना, रक्त पडतंय असं वाटलं तिला, वहिनीनं मला फोन केला, मी गुगल करून सांगितलं, मग दोघी हसत सुटल्या. मळमळायचं, तोंडाला चव नव्हती, पण सोडल्या नाहीत गोळ्या. आता संध्याकाळचा ताप नाही. कंबर आहे अजून थोडी.

संक्रांतीला गेले तेव्हा तिला म्हटलं, काकू तू एवढी शहाण्यासारखी सगळा कोर्स पूर्ण केलास, कमाल आहे. ती तीळ भाजत होती. वहिनीकडे बघून म्हणाली, "गाईचा रिपोर्ट आला तवा सगळं घर ताटावर बसून बोलत होतं. माझा आला तवा हीच होती एकटी. हिच्यासाठी खाल्ल्या गोळ्या."

वहिनीनं आता गोठ्यात लांब बाह्यांच्या ग्लोव्हजचं खोकं आणून ठेवलंय, त्यातले अर्धे दादानं डाळिंबावर फवारणी करताना वापरून टाकले. एक गाय फाल्गुनात विणार आहे आणि वार अडकली तर हात कोण घालणार यावरून घरात आत्तापासून भांडण आहे. दादा म्हणतो कोणीच घालायचा नाही, डॉक्टरला बोलवायचं. काकू म्हणते, "बोलव की. तुझा डॉक्टर यील तवर वासरू उठून पळायला लागलंय."

वहिनी म्हणाली, "तोवर ग्लोव्हज घालून मी थांबते. तुम्ही बाहेर बसा, शेवग्याखाली."

काकूला हे अजिबात पटलेलं नाही.